‘ट्यून’ला मराठीत काय म्हणावं: धून, गत की चाल?

प्रश्न:
आयर्लंड-स्कॉटलंडच्या फिडलवादनावरच्या (फिडल म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन) एका माहितीपटाची मराठी उपशीर्षकं करतेय. ‘ट्यून’ हा शब्द दर मिनिटाला येतो. ‘धून’ लिहिलं तर पटत नाही. शिवाय ‘सोल्जर्स जॉय’सारखी नावं ‘शिपायाचा आनंद’ अशी मराठीत आणावीत का?

उत्तर:
ताई, माझं मत ‘चाल’ला. धून म्हटली की मैफलीच्या शेवटी बासरीवर वाजणारी हलकीफुलकी रचना आठवते. गत सतार-सरोदची, राग-तालात बांधलेली. फिडलवरचं हे वादन मुळात नाचासाठी. त्यातले दोन प्रकार: जिग तीन-तीनच्या झोक्यात डुलते, रील चार-चारच्या ठेक्यात सरळ धावते. असा फरक सांगायला ज्या शब्दात पाऊल आहे तोच शब्द हवा.

आणखी एक कारण, मला फार आवडणारं. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल –’ लिहून पुढे मूळ गाण्याचं नाव देत. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८५ मध्ये ‘द जॉली बेगर्स’ हे पदांनी गुंफलेलं काव्य लिहिलं, त्यातल्या पदांवरही असंच ‘ट्यून’ लिहून पुढे चालीचं नाव आहे. पहिल्याच पदावर आहे ‘सोल्जर्स जॉय’!

आता नावांबद्दल. अमेरिकेत सांगतात, यादवी युद्धात (१८६१–६५) जखमी शिपायांना मॉर्फिन आणि व्हिस्की मिळे, तोच हा ‘जॉय’. गोष्ट ऐकायला छान, पण बर्न्सची तारीख बघा. मॉर्फिन अफूतून वेगळं काढलं गेलं तेच एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. नाव आधीचं, अर्थ मागून चिकटलेला. स्कॉटलंडची ‘लॉर्ड मॅकडोनाल्ड्स रील’ अटलांटिक ओलांडून गेली आणि ‘लेदर ब्रिचेस’ झाली. सरदार गेला, चामड्याची विजार आली, चाल तीच! म्हणून नावांचं भाषांतर करू नका. नाव इथे हाक मारण्यापुरतं असतं, चालीत काय आहे ते त्यातून कळत नाही. ‘एट्थ ऑफ जानेवारी’ या चालीला मात्र छोटी टीप द्या: ८ जानेवारी १८१५, न्यू ऑर्लिन्सची लढाई, अमेरिकी सेनापती अँड्र्यू जॅक्सनचा ब्रिटिशांवर विजय. नुसतं ‘आठ जानेवारी’ वाचून प्रेक्षक गोंधळेल.

एक खाच आहे. मराठीत ‘ही चाल कोणाची?’ म्हणजे ती कोणी बांधली. फिडलवाले ‘अमक्याची रील’ म्हणतात तेव्हा पुष्कळदा ती अमक्याकडून उचललेली असते. फ्रान्सिस ओनील हे शिकागोचे पोलीसप्रमुख, मूळचे आयर्लंडचे. त्यांनी १९०३ च्या संग्रहात १,८५० रचना छापल्या, त्यांतल्या पुष्कळ शिकागोतल्या आयरिश वादकांकडून ऐकून, टिपून गोळा केलेल्या. तेव्हा ‘अमक्याने रचलेली’ असं कुठेही लिहू नका, ‘अमक्याची’ एवढंच ठेवा.

प्रश्नकर्ती:
‘चाल’ बसवून पाहिली. ‘ही चाल मी आजोबांकडून घेतली’ हे वाक्य पडद्यावर अगदी सहज वाचलं जातंय, मनापासून आभार. आता एकच उरलं: आयरिशमध्ये काही चालींपुढे ‘गन अनिम’ येतं. त्याचा अर्थ ‘नावाविना’ असा सापडला. ‘निनावी’ लिहू?

उत्तर:
‘निनावी’ नको. निनावी पत्रात लिहिणाऱ्याने नाव लपवलेलं असतं. इथे ज्याने वाजवली त्याला चाल पाठ होती, फक्त नाव आठवत नव्हतं किंवा कधी कळलंच नव्हतं. ‘बिननावाची चाल’ लिहा.