मदत हवी: देशी गाडी की विदेशी? ॲव्हरेज महत्त्वाचं

घाटवाट:
याच आठवड्यात गाडी बुक करायचीय. बजेट ऑन-रोड १२ लाख. बाबा म्हणतात टाटा नाहीतर महिंद्रा, बायको म्हणते ह्युंदाई नाहीतर मारुती. मला ॲव्हरेज हवं. शोरूमवाले सगळेच 'वीसच्या खाली येणार नाही' म्हणतात. वापरणाऱ्यांनी पटकन सांगा, प्लीज.

रानपाखरू:
रनिंग किती? शहर की हायवे? पेट्रोल, डिझेल की सीएनजी? यातलं काहीच लिहिलं नाहीत.

गॅसवाला_सांगली:
डोळे झाकून सीएनजी घ्या. माझी मारुतीची ब्रेझा आहे, महिन्याचा खर्च जवळजवळ निम्म्यावर आला.

कोथरूडकर:
देशी-विदेशी करत बसू नका. मारुतीत निम्म्याहून जास्त मालकी जपानच्या सुझुकीची, आणि ह्युंदाईची नवी व्हेन्यू बनते आपल्या तळेगावात. टाटाची नेक्सॉन रांजणगावची, महिंद्राची थ्रीएक्सओ नाशिकची. सगळीकडे आपलीच पोरं कामाला आहेत.

मावळा७:
आणि नफा कुठे जातो? ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी नेक्सॉन, २०१८ साली. घरच्यांना बसवायचंय तर तेच बघा.

घाटवाट:
अहो, विषय ॲव्हरेजचा आहे. वाई ते शिरवळ एमआयडीसी, रोज जाऊन-येऊन सत्तरेक किमी. येताना खंबाटकी घाट चढायचा.

रानपाखरू:
हे आधी सांगायचं ना! मग डिझेल. महिना १७५० किमी धरा. पंधराच्या ॲव्हरेजने ११७ लिटर, वीसच्या ॲव्हरेजने ८८. आणि कंपन्या सांगतात त्या एआरएआय या चाचणी संस्थेच्या आकड्यावर जाऊ नका, तो रोलरवर गाडी पळवून, एसी बंद ठेवून काढतात.

इंद्रायणीकाठ:
डिझेल दहा वर्षांत भंगारात जाईल.

रानपाखरू:
तो नियम दिल्ली-एनसीआरचा, महाराष्ट्रात नाही. डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोक होतो तो गावातल्या गावात फिरवली तर. यांचं रोज सलग हायवे आहे.

कोथरूडकर:
पेट्रोल घ्यायचं असेल तर ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, लक्षात ठेवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज पडतंच.

उसाचा_फड:
त्याच इथेनॉलमुळे साखर कारखान्यांच्या हातात पैसा येतो आणि आमची उसाची बिलं निघतात. उगाच नावं ठेवू नका.

कोथरूडकर:
नावं कुठे ठेवली? टाकी भरणाऱ्याला कळायला हवं, एवढंच म्हणतोय.

सुमेधा_प:
पांढरी घ्या. उन्हात कमी तापते, विकतानाही भाव येतो.

गॅसवाला_सांगली:
तरी सांगतो, सीएनजीच.

घाटवाट:
सीझनला शनिवार-रविवार डिकीत स्ट्रॉबेरीचे क्रेट असतात. ब्रेझात सिलेंडरनेच डिकी भरते.

मावळा७:
नेक्सॉन सीएनजीला दोन छोटे सिलेंडर डिकीच्या तळाशी असतात, वर सामान बसतं. टर्बो आहे, घाटात दम धरते.

रानपाखरू:
तुमच्या बजेटात नेक्सॉन डिझेल आणि थ्रीएक्सओ डिझेलचे खालचे व्हेरियंट बसतील. ऑन-रोड कोटेशन लेखी घ्या. हायब्रिड ॲव्हरेजला सगळ्यात भारी, पण १२ लाखांत येत नाही.

घाटवाट:
शनिवारी नेक्सॉनची डिझेल आणि सीएनजी, दोन्हींची टेस्ट ड्राइव्ह मागतो. खंबाटकीवर देतील का?

रानपाखरू:
हट्ट धरा. चौघं बसवा, एसी चालू ठेवा आणि वळणावर वेग पडल्यावर तिसऱ्या गिअरवरच उचलते का बघा. आणि पंपावर ज्यांची तीच गाडी दिसेल त्यांना टाकी-टू-टाकी, म्हणजे एका फुल टाकीपासून पुढच्या फुल टाकीपर्यंत मोजून, किती देते विचारा. डिस्प्लेवरचा आकडा नको.