मदत हवी आहे: मामांच्या पायातून काळे दाणे निघायलेत, मेलॅनिनमुळं गोळी लागू पडत नाही का?

नमस्कार मंडळी, मी वसमतकडचा. मामांच्या तळपायात लई वर्षांमागं बाभळीचा काटा मोडला होता, मग तिथं गाठ आली, दुखत नव्हती म्हणून कुणी मनावर घेतलं नाही अन् मामा तसेच अनवाणी शेतात जायचे. आता पाय सुजलाय, तोंडं पडलीत अन् पाण्यासोबत बारीक काळे दाणे येतात. संभाजीनगरला बायोप्सी, कल्चर केलं तर मायसेटोमा निघाला, मदुरा फूट म्हणतात तो, बुरशीचं नाव मॅड्युरेला मायसेटोमॅटिस. इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची गोळी चालू आहे, वर्षभर तरी घ्या म्हणले, मधी गाठ आखडली की ऑपरेशन.

पण दाणे यायचे थांबेनात अन् मामा म्हणायलेत औषध खोटं आहे, बंद करतो. डॉक्टर गर्दीत एवढंच बोलले की ह्या बुरशीत मेलॅनिन, म्हणजे काळं रंगद्रव्य, असतं म्हणून ती चिवट. मी वाचलं त्यात कळलं की बुरशी ते स्वतःच बनवती अन् पेशीच्या भिंतीत साठवती, आपल्या पांढऱ्या पेशी तिला मारायला हायड्रोजन पेरॉक्साइडसारखी जहाल रसायनं सोडतात तर ती हे मेलॅनिन स्वतःवर घेतं. हे ऐकून वडील म्हणले, मग ज्वारीच्या खडखड्यासारखंच झालं की, ताट फोडलं की आत काळी भुकटी अन् रानात वर्षानुवर्षं मरत नाही.

मला विचारायचंय की गोळी मेलॅनिनमुळं अडती का? कृषी केंद्रावाला म्हणला भाताच्या करप्यावर ट्रायसायक्लाझोल मारतात ते मेलॅनिनच बंद करतं, तसं माणसाला काही आहे का? अन् २०२१ ला कोरोनात आलेली काळी बुरशी ती हीच का, मामी तेवढ्यानंच लई घाबरल्यात.

लॅबवाली ताई:
दादा, आधी मामींना सांगा की ती ही नाही. ती म्युकर, तिथं काळं दिसायचं ते रक्तपुरवठा तुटून मेलेलं मांस. मदुरा फूट हळूहळू वाढतो अन् एकाचा दुसऱ्याला होत नाही.

वडिलांनी बरोबर ओळखलं, खडखड्याच्या मॅक्रोफोमिना बुरशीचे काळे कण पण मेलॅनिनमुळंच काळे. ट्रायसायक्लाझोलचं पण खरंय, करप्याची बुरशी पानात घुसायला हवेच्या दाबाच्या जवळपास ८० पट दाब तयार करते आणि तो मेलॅनिनच्या थरामुळं टिकतो, थर गेला की ती पानात शिरूच शकत नाही. लॅबमध्ये मॅड्युरेलाचं मेलॅनिन पण त्यानं थांबवलेलं आहे, पण ते शेतीचं विष आहे, चुकूनही पायाला लावू नका! माणसासाठी मेलॅनिन काढणारं औषध बाजारात नाही अजून.

आता गोळीचं. लॅबमध्ये ह्याच बुरशीचं मेलॅनिन मिसळलं तर इट्राकोनॅझोल अन् त्याच्याच जातीचं केटोकोनॅझोल बुरशी रोखायला कितीतरी पट जास्त लागलं, म्हणजे अडतं हे खरं. तरी ती बेकार नाही हो. गाठ आखडून तिच्याभोवती जाड आवरण धरतं, मग सर्जनला अख्खी काढता येते, म्हणून दाणे दिसले तरी मामांना गोळी सोडू देऊ नका. कॅप्सूल भरल्या पोटीच घ्यायची, लिव्हरची टेस्ट चुकवायची नाही, आणि मामा अ‍ॅसिडिटीची गोळी घेतात का ते बघा, त्यानं हे औषध रक्तात कमी उतरतं.

धागाकर्ता:
ताई, लई आभार. अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी घेतात की ते! गावातल्याच दवाखान्यातनं चालू आहे, संभाजीनगरच्या डॉक्टरांना हे माहीतच नसंल, उद्याच फोन करतो. अजून एक, सुदानात खार्तूमला ह्याच रोगावर फॉसरॅव्हुकोनॅझोल ह्या औषधाची ट्रायल झाली, आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी. मामांना रोजच्या गोळ्यांचाच कंटाळा आलाय, तर आपल्याकडं ती कुणाला मिळाली आहे का?