"अशांपासून दूर राहा" हे सख्ख्या भावाला पण लागू होतं का?

मिरजेची लेक:
सगळ्यांना जय ख्रिस्त. मागच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या २ तीमथ्य पत्राचा ३ रा अध्याय घेतला, शेवटच्या काळी माणसं कशी होतील ती यादी. स्वार्थी, धनलोभी, बढाईखोर, आईबापांना न मानणारी, उपकार न स्मरणारी.. आणि मला एकेका शब्दाला आमचा दादाच दिसत होता. तो तासगावला असतो, बेदाण्याचा धंदा आहे, बरं चाललंय. आई माझ्याकडे मिरजेत. तिने मिशन दवाखान्यात नाईट ड्युट्या करून करून आम्हाला शिकवलं आणि दादा गेले चार महिने फिरकलेला नाही, बीपी शुगरच्या गोळ्यांचे पैसे मागितले की म्हणतो सीझन होऊ दे मग बघू, आणि तिकडे चर्चच्या साउंड सिस्टीमला मोठी देणगी दिली, पाटीवर नाव पण लागलं. ५ व्या वचनात सरळच आहे की अशांपासून दूर राहा. मग बोलणं बंदच करू का? रागाने विचारत नाहीये. म्हणजे थोडा आहे राग.

सातारकर काका:
बाळा, मोबाईल आल्यापासून सगळंच बिघडलंय. आमच्या वेळी घरात संध्याकाळची प्रार्थना चुकायची नाही, आईबापापुढे आवाज चढवायची टाप नव्हती. शेवटचा काळ तो हाच.

कृष्णाकाठ:
काका राग मानू नका, पण प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, हे पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता आणि तीमथ्य इफिसात, साडेएकोणीसशे वर्षं होत आली त्याला. तेव्हा कुठला मोबाईल? अशीच यादी पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १ ल्या अध्यायात पण आहे, पण तिथे देवाला न मानणाऱ्या जगाबद्दल आहे आणि इथे शेवटी काय म्हटलंय, तर भक्तीचं बाहेरचं रूप ठेवणारी माणसं. म्हणजे आपल्याच बाकांवर बसणारी. 'ममताहीन' म्हणतो ना आपण, त्याचा मूळ ग्रीक शब्द आस्टोर्गोस, रक्ताच्या नात्याची माया आटलेला. नव्या करारात तो दोनदाच येतो, एकदा तिथे नि एकदा इथे. आणि यादीची सुरुवातच स्वतःवरच्या प्रेमापासून आहे, बाकीची सगळी त्याचीच पिल्लं. मला तर वाचताना निम्मी माझ्याच घरची वाटली, खोटं कशाला बोलू.

वाईच्या बाई:
ताई, मी ३० वर्षं संडे स्कूल घेतलं. तुझ्या दादाचं प्रकरण मार्क ७ मध्ये आहे बघ, कुर्बान. आईबापाला द्यायचं ते देवाला वाहिलंय म्हणून हात झटकायचे, यावर प्रभू परुश्यांना, म्हणजे त्या वेळच्या कडक यहुदी धर्मपुढाऱ्यांना, चांगलेच बोलले. १ तीमथ्य ५:८ पण वाच, घरच्यांची तरतूद न करणारा अविश्वासी माणसापेक्षा वाईट, एवढं कडक लिहिलंय.
आता 'दूर राहा'. लगेच पुढच्या वचनात घराघरांत शिरून बायकांना भुलवणारे आहेत, रोख त्या खोट्या शिक्षकांवर आहे. आणि एकच पान मागे जा, २:२५, विरोध करणाऱ्याला सौम्यतेने शिकव, देव त्याला पश्चात्ताप देईल कदाचित. ते सोडून आपण सोयीचं तेवढंच वचन उचलतो. मत्तय १८ प्रमाणे आधी एकटीने जाऊन बोललीस का त्याच्याशी? फोनवर नाही, समोर.

मिरजेची लेक:
नाही बाई. फोनवरच, आणि वहिनीसमोर टोमणे मारले ते वेगळेच. मंडळीतल्या दोघीतिघींना पण सगळं सांगून झालंय. यादीत चहाडखोर पण आहे की, ते त्या दिवशी मी पटकन पुढे ढकललं.
शनिवारी तासगावला जाते. गोळ्यांची बिलं सोबत नेऊ का, की त्यावरूनच वाजेल?

वाईच्या बाई:
बिलं राहू देत. आईला झेपत असेल तर तिला घेऊन जा.