वकिलांनी कोर्ट फी म्हणून घेतलेल्या रकमेचा हिशेब मिळत नाही. तक्रार कोठे व कशी करावी?

प्रश्न (सातारा जिल्हा)

आई आणि मी, आम्ही दोघींनी २०२२ साली चुलत्यांविरुद्ध वडिलोपार्जित शेतजमिनीच्या वाटपाचा दावा आमच्या भागातील दिवाणी न्यायालयात दाखल केला. वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर आमची नावे लागली, पण ताबा आणि उसाचे बिल चुलत्यांकडेच राहिल्यामुळे कोर्टाची पायरी चढण्यावाचून इलाज उरला नव्हता. वकीलपत्रावर सह्या केल्या त्या दिवशी फी ४०,००० रुपये ठरली आणि ती आम्ही तीन हप्त्यांत पूर्ण दिली. त्याशिवाय कोर्ट फी म्हणून ३८,००० रुपये, टायपिंग, झेरॉक्स व नोटिसांचा खर्च म्हणून ९,५०० रुपये, आणि पुढे दर तारखेला १,५०० रुपयांप्रमाणे २१ तारखांचे ३१,५०० रुपये गेले. एकूण १,१९,००० रुपये झाले, पण पावती एकाही रकमेची मिळाली नाही. बरीच रक्कम मी यूपीआयने पाठवली आहे. रोख दिलेले पैसे आईने डेअरीच्या वहीच्या मागच्या पानांवर तारीखवार लिहून ठेवले आहेत.

गेल्या महिन्यात वकीलसाहेबांनी सांगितले की, आमच्या वाट्याला येणाऱ्या जमिनीच्या किमतीच्या १० टक्के रक्कम देण्याचे आताच लिहून द्यावे, नाहीतर ते मूळ कागद परत करणार नाहीत आणि दुसऱ्या वकिलांना ना हरकतही देणार नाहीत. गावातील एकांनी ग्राहक आयोगात जाण्यास सुचवले आहे. तक्रार नेमकी कोठे करावी, आणि तिचा राग दाव्यावर निघेल का, हे कृपया सांगावे. आई रात्र रात्र जागी असते, म्हणून संकोच सोडून लिहीत आहे.

उत्तर १ (दिवाणी न्यायालयात वकिली करणारी)

ताई, ग्राहक आयोगाचा विचार सोडून द्या. वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये दिला आहे. तुमची तक्रार महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली जाईल.

मात्र तक्रारीत ‘फी फार घेतली’ हा मुद्दा पुढे ठेवू नका. फी किती असावी हे वकील आणि पक्षकार आपसात ठरवतात, आणि ४०,००० रुपये तुम्ही कबूल केले होते. तुमची खरी बाजू हिशेबाची आहे. पक्षकाराकडून आलेल्या पैशांचा हिशेब वकिलाने ठेवला पाहिजे, त्यातील कोणती रक्कम फीची आणि कोणती खर्चाची हे नोंदले पाहिजे, आणि पक्षकाराने मागितल्यास त्या हिशेबाची प्रत दिली पाहिजे, हे बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच आहे. तो मागणे हा तुमचा हक्क आहे. त्यासाठी कोणाची मर्जी सांभाळण्याची गरज नाही.

टक्केवारीबद्दल तर शंकाच नाही. निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा दाव्यातून मिळणाऱ्या मालमत्तेत वाटा घेणे नियमाने निषिद्ध आहे. तेलंगणातील एका अपघात भरपाईच्या प्रकरणात वकिलांनी भरपाईच्या टक्केवारीने फी मागितली होती; ती मागणी बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले. फीसाठी पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हेही २००० सालापासून ठरलेले आहे. तेव्हा कशावरही सही करू नका, आईंनाही करू देऊ नका.

तुमचा प्रश्न वाचताना मी ३८,००० रुपयांच्या आकड्यापाशी थांबले. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार मालमत्तेचा वाद, पोटगी, घटस्फोट आणि हिंसाचार या बाबतीत स्त्री पक्षकारांना कोर्ट फी माफ आहे. तुमच्या दाव्यात वादी तुम्ही दोघीच असाल, तर ही रक्कम कशासाठी घेतली हे आधी पाहावे लागेल.

उत्तर २ (न्यायालयातील निवृत्त कर्मचारी)

वरील वकीलबाईंचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून तो कसा तपासायचा ते लिहितो. नक्कल विभागात अर्ज देऊन दाव्याच्या अर्जाची आणि रोजनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. पक्षकार स्वतः अर्ज करू शकतो, त्यासाठी वकील लागत नाही. दाव्याच्या अर्जात शेवटाकडे मूल्यांकन आणि कोर्ट फी यांचा परिच्छेद असतो. फी भरली असेल तर तिचा आकडा तेथे मिळेल, माफी घेतली असेल तर तसा उल्लेख मिळेल.

रोजनाम्यावरून प्रत्येक तारखेला काय झाले तेही कळते. तुम्ही पैसे दिलेल्या २१ तारखांपैकी किती तारखा तुमच्याच वकिलांच्या मुदतीच्या अर्जावर पडल्या, हे आईंच्या वहीशेजारी रोजनामा ठेवून टिपून काढा. इतकी वर्षे कोर्टात काढल्यावर अनुभवाने सांगतो, असा ओळीने लावलेला तक्ता दहा पानांच्या तक्रारीपेक्षा अधिक बोलतो. समन्स व नोटिसांच्या प्रोसेस फीचा खर्च मात्र खरा असतो. तोही खोटा ठरवायला गेलात तर तुमचीच बाजू कमकुवत होईल.

दाव्याची काळजी करू नका. तक्रार वकिलांविरुद्ध आहे, न्यायाधीश दावा पुराव्यावर चालवतात. ना हरकत मिळाली नाही तरी जुने वकीलपत्र रद्द करून नवीन दाखल करण्याची परवानगी न्यायालयाकडे लेखी अर्जाने मागता येते. हे काम तक्रारीच्या आधी उरका, म्हणजे एखादी तारीख वकिलाविना जाणार नाही.

उत्तर ३ (कोल्हापूर)

मी स्वतः अशी तक्रार केली आहे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यातील रक्कम माझ्या तेव्हाच्या वकिलांनी कित्येक महिने स्वतःकडे ठेवली होती. तक्रार प्रतिज्ञापत्रासह, सर्व पुराव्यांच्या प्रती जोडून द्यावी लागते. किती प्रती आणि किती शुल्क, हे मुंबईत फोर्टला उच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीतील कौन्सिलच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर प्रकरण तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जाते, आणि साक्षीदार बोलावण्याचे व कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्या समितीला असतात. समज देणे, काही काळासाठी सनद निलंबित करणे किंवा नाव कायमचे कमी करणे, इतपत शिक्षा ती देऊ शकते. पैसे परत मिळवण्यासाठी वेगळा वसुलीचा दावा लावावा लागतो आणि त्याची मुदत साधारण तीन वर्षांची असते, त्यामुळे २०२२ साली दिलेल्या रकमांबाबत वेळ घालवू नका.

राज्य कौन्सिलने एका वर्षात निकाल दिला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होते. माझे तसेच झाले. महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला घातलेल्या खेपा मी मोजल्या नाहीत. मध्यंतरी वकिलांनी रक्कम परत केली आणि तक्रार मागे घेण्यासाठी निरोपावर निरोप आले. तेव्हा मला समजले की, केवळ तडजोड झाली किंवा तक्रारदाराने माघार घेतली म्हणून चौकशी बंद करता येत नाही. समिती तक्रार फेटाळते की शिक्षा देते, ते काहीही असले तरी निकालाविरुद्ध ६० दिवसांत अपील करता येते, हे लक्षात असू द्या.

प्रश्नकर्तीचे प्रत्युत्तर

आपणा तिघांचे मनापासून आभार. आज नक्कल हातात आली. कोर्ट फीच्या परिच्छेदात एकच ओळ आहे: वादी क्रमांक १ व २ या स्त्रिया असल्याने शासनाच्या अधिसूचनेप्रमाणे कोर्ट फी माफ आहे. त्या पानाच्या तळाशी आईची सही आहे. तिला तेव्हा ती ओळ कोणी वाचून दाखवली नव्हती. आईच्या वहीत त्याच दिवसाच्या तारखेसमोर ‘स्टॅम्पाचे ३८,०००’ असे लिहिलेले आहे. रोजनाम्यानुसार २१ पैकी ८ तारखा आमच्याच बाजूने मुदत मागितल्यामुळे गेल्या आहेत.

१५ दिवसांत लेखी हिशेब आणि मूळ कागद द्यावेत, असे पत्र मी रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवले आहे. नवीन वकीलपत्राचा अर्ज येत्या तारखेला दाखल होईल. पत्राची मुदत संपताच नक्कल, रोजनामा आणि आईच्या वहीच्या पानांच्या प्रती जोडून कौन्सिलकडे तक्रार देणार आहे.