वडिलांचे हळवेपण चित्रात आणताना कीव कशी टाळावी?

प्रश्न
मी सोलापुरात चित्रकला शिकतो. माझ्या वडिलांची उमेदीची वर्षे अक्कलकोट रस्त्यावरच्या एका यंत्रमाग कारखान्यात गेली. मागांच्या खडखडाटाने त्यांना कमी ऐकू येते, पण ते कबूल करत नाहीत. समोरच्याच्या ओठांकडे पाहत उजवा कान किंचित पुढे करतात आणि शब्द कळले नसले तरी मान डोलावतात. मला त्यांच्यावर चित्रमालिका करायची आहे. मात्र कागदावर एकतर पिळदार दंडांचा कामगार उतरतो, नाहीतर केविलवाणा म्हातारा. यातून वाट कशी काढावी?

उत्तर : एक कलाशिक्षक
डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८२ मध्ये हेग येथे दोन्ही मुठींत तोंड लपवून बसलेला एक वृद्ध रेखाटला आणि १८९० मध्ये तोच विषय तैलरंगात पुन्हा घेतला. त्यात चेहरा दिसतच नाही. दुःखाचा सगळा भार वाकलेली पाठ आणि मुठी पेलतात. आपल्याकडे सुधीर पटवर्धनांचे कामगार पाहा. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या चित्रकाराची माणसे अंगाने भक्कम आहेत, तरीही त्यांचा थकवा लपत नाही. पुढे केलेला कान आणि डोलावलेली मान हाच तुमचा विषय आहे. डोळ्यांत पाणी दाखवायचा मोह टाळावा.

उत्तर : एक चित्रकर्ती
तंत्राचे पटले, पण मला वेगळीच काळजी वाटते. चित्रकार भूपेन खख्खर यांनी अखेरच्या वर्षांत, स्वतः कर्करोगाशी झुंजत असताना, जखमी आणि आजारी पुरुषदेह रंगवले; स्वतःला उघडे करायचे की नाही, हा निर्णय त्यांचा होता. तुमचे वडील जे आयुष्यभर झाकत आले, ते तुम्ही चारचौघांत मांडणार आहात. त्यामुळे प्रदर्शनाचा विचार करण्याआधी रेखाटने त्यांना दाखवा आणि ते नको म्हणाले तर ती घरातच राहू द्या.

उत्तर : सोलापूरच्या पूर्व भागातील विणकराची मुलगी
माझ्या वडिलांनाही ऐकू येत नव्हते, पण तुटलेल्या धाग्याला गाठ मारताना त्यांची बोटे इतकी चपळ चालत की नजर ठरत नसे. तुमच्या वडिलांच्या हाती थोडे सूत द्या आणि ते गाठ मारत असताना मागून हाक मारून पाहा. हात सराईतपणे चाललेले आहेत आणि हाक मात्र पोहोचलेली नाही, हे दोन्ही एकाच कागदावर आले, तर त्यांना ना वीर करावे लागेल, ना बिचारा.