काजूचा बोंडू हे फळ नव्हेच!

सहसा फुलातला अंडाशय (बिया धरणारा भाग) फुगला की त्याचं फळ होतं. आंब्याला, टोमॅटोला ते लागू आहे. पण काजूचं झाड मात्र जरा वेगळंच वागतं.

मोहरातल्या बऱ्याच फुलांत नुसते पुंकेसर, ती गळूनच जातात. ज्या थोड्यांत अंडाशय असतो आणि परागीभवन होतं, तिथे आधी हिरवी बी लोंबायला लागते. तेच खरं फळ. ओल्या काजूगरांच्या उसळीसाठी आपण सोलतो ते याच वेळचे (बिया कापताना चिकाने बोटं सोलवटतात ते वेगळंच!). बी पुरती वाढत आली की मग तिच्यावरचा देठ फुगायला लागतो, लाल-पिवळा होतो. म्हणजे बोंडू हा नुसता फुगलेला देठ.

आता झाड एवढा खटाटोप का करतं? बीभोवती जळजळीत तेलाचं कवच, आणि शेजारी गोड, रसाळ लाच. वटवाघूळ रात्री बोंडू तोडून दुसऱ्या झाडावर नेतं, रस चोखतं आणि बी खाली टाकून देतं. वाहतूक झाली, माल शाबूत! पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं हे झाड कोकणात असं फुकटात पसरलं, अर्थात माणसांनीही भरपूर लावलं.

फणसाला तर फूलच दिसत नाही, मग फळ कुठून येतं? ती कोवळी कुयरी (छोटा फणस) म्हणजेच शेकडो फुलांचा गठ्ठा. फळ धरलेल्या फुलांचे गरे होतात, आणि गऱ्यांमधले चिवट धागे म्हणजे राहून गेलेली फुलं.