स्टॅम्पपेपरवर सही केली की नुकसानभरपाईचा हक्क संपतो का?

दारव्हा तालुका (धागा मांडणारा):
गावच्या पाण्याच्या टाकीचे काम चालू असताना जून 2025 मध्ये माझा चुलतभाऊ सेंट्रिंगच्या फळ्या ठोकता ठोकता परांचीवरून पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. वय 35, मजुरी रोजची 700 रुपये. पोटठेकेदाराने दवाखान्याचा खर्च केला, दीड लाख रुपये देऊ केले आणि सोबत पाचशेचा स्टॅम्पपेपर पाठवला, ज्यावर ‘यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही’ असे आधीच टंकलेले आहे. घरातील वडीलधारे सही कर म्हणतात. माझे ठाम मत आहे की 1923 च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली दावा करावाच. कायमचे संपूर्ण अपंगत्व मानले गेले, तर मासिक वेतनाचे 60 टक्के (वेतन 15,000 रुपयांपर्यंतच धरतात) गुणिले पस्तिसाव्या वर्षाचा गुणांक 197.06, म्हणजे 17,73,540 रुपये होतात.

मिस्त्री, दिग्रस:
भाऊ, हिशेब कागदावर बरोबर असेल, पण पोटठेकेदाराकडे एवढी रक्कम असते का, याचा विचार करा. वरच्या ठेकेदाराकडून बिल सहा-सहा महिने निघत नाही आणि मजुरांचा हप्ता मात्र बाजाराच्या दिवशी द्यावाच लागतो. मी स्वतः सुरक्षा बेल्ट वाटले आहेत. उन्हात कोणी घालत नाही. पैसे घेऊन, सही करून पुन्हा दावा करणे हे शब्द मोडणे आहे आणि अशा घरातल्या माणसाला पुढे कोणी कामावर घेणार नाही.

वकील, यवतमाळ:
मिस्त्रींची अडचण खरी आहे, म्हणूनच कलम 12 आहे. मुख्य ठेकेदाराने आपल्या धंद्यातील काम पोटठेकेदाराला दिले असेल, तर भरपाई थेट मुख्य ठेकेदाराकडून मागता येते; त्याने ती नंतर पोटठेकेदाराकडून वसूल करावी. (स्वतःचे घर बांधणाऱ्या शेतकऱ्यावर मात्र हे कलम लागत नाही, कारण बांधकाम हा त्याचा धंदा नाही.) बेल्ट मुद्दाम घातला नाही हा बचाव मृत्यू किंवा कायमच्या संपूर्ण अपंगत्वात चालत नाही. सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला, तेव्हा त्याची त्या कामाची क्षमता पूर्णच गेली, असे सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये मानले आहे.

आता सहीबद्दल. हक्क सोडून देणारा करार कलम 17 नुसार तेवढ्यापुरता निरर्थक आहे. तडजोडीची नोंद या कायद्याखालील नुकसानभरपाई आयुक्तांकडे केली नसेल, तर कलम 29 नुसार मालकावर पूर्ण रकमेची जबाबदारी राहते आणि आयुक्तांनी वेगळे सांगितले नाही, तर दिलेल्या रकमेपैकी निम्म्याहून जास्त वजावट त्याला मिळत नाही. म्हणून आज गरज असेल तर पैसे घ्यावेत, पण दाव्याची दोन वर्षांची मुदत जाऊ देऊ नये. 1923 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असली, तरी हा अपघात त्याआधीचा आहे, म्हणून त्याला जुनाच कायदा लागतो.

मूल तालुका:
वकीलसाहेब, माझे यजमान स्लॅबवरून पडले तेव्हा आम्ही दोन लाख घेतले आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही, कारण त्याच महिन्यात मुलीची फी भरायची होती. हजेरीची वही मुकादमाच्या घरी होती. टोळीतल्या एकालाही साक्ष द्यायची हिंमत झाली नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच मुकादमाकडे जायचे होते. कायदा आहे हे मला ठाऊक होते, पण त्याच्या दारापर्यंत जाणार कोण?

दारव्हा तालुका:
ताई, तुमचे म्हणणे मनाला लागले आणि तुमचा निर्णय चुकीचा होता असे मी मुळीच म्हणत नाही. पण आमच्याकडे पुरावा आहे: मजुरी फोनवर जमा झाल्याच्या नोंदी, आणि दवाखान्याच्या पहिल्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेले ‘बांधकामावरून पडून’ हे दोन शब्द. मिस्त्री, शब्दाचा मान मलाही आहे; मात्र ज्या कागदावरचा मजकूर भावाला विचारून लिहिला नव्हता, तो त्याचा शब्द कसा? सोमवारी आम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकिलासाठी अर्ज देणार आहोत. अर्जावर उजव्या हाताने सही करताना कागद धरायला वहिनी सोबत येणार आहेत.